न छेडलेला गंधार

रात्री साडेदहाला, विश्रामबागेतल्या लॅबमध्ये
मी दोन सूर सोडते काचेच्या धाग्यात.
एक हजार मेगाहर्ट्झ. एक हजार एक.
पडद्यावर चार उगवतात.
नऊशे नव्व्याण्णव आणि एक हजार दोन,
न बोलावता आलेले,
खऱ्यांना इतके खेटून बसलेले
की कुठल्याच गाळणीत अडकत नाहीत.

दंडोबाच्या डोंगरावर अँटेना उभा राहील,
तो जे ऐकेल ते इथवर
जसंच्या तसं पोचावं,
एवढंच मागणं आहे.

स्फटिक काडेपेटीतल्या काडीएवढा.
प्रकाशाचे दोन वाटे करतो,
त्यांच्या चालीत किंचित फरक पाडतो, पुन्हा जोडतो.
व्होल्ट नाकासमोर चढत राहतात,
प्रकाश मात्र टेकडीसारखा वळतो.
मधल्या चढावर तेवढा,
वीतभरही नाही,
सरळ असल्याचा भास.
तिथे बायस धरून ठेवायचा.
एप्रिलमध्ये. सांगलीत.

अब्बा मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवतात.
सपाट दिसते ती, सपाट नसते.
केसाएवढा उतार, त्यावर तार घासते,
खर्जातून गंधार निघतो, कुणी न छेडलेला.
अडतीस वर्षं त्यांनी तो बोलावला.
मी तीन वर्षं त्याला हाकलतेय.

मगदूम मॅडम म्हणाल्या, एकट्याला सरळ करू नकोस.
शेजारी दुसरा बसव, उलट्या चढावर.
त्याला प्रकाश थोडा दे, हाक मात्र जोराची.
तोही तेवढंच खोटं बोलेल,
फक्त उलट्या बाजूनं.

बोलला.
आगंतुक एकोणीस डेसिबल खाली गेले.
खऱ्या सुरांतलंही थोडं गेलं.
ते वहीत लिहिलं, वेगळ्या शाईनं.

फोनवर अब्बांना सांगितलं.
बराच वेळ नुसती कानस ऐकू आली.
मग म्हणाले,
"गंधार काढून टाकलास, पोरी?"
म्हटलं, गंधार नव्हता तो.
"दिसायला कसा होता?"
बारीक. खऱ्याच्या अगदी कडेला.
"हं," म्हणाले, आणि जेवलीस का विचारलं.

पावणेदोनला एसी बंद पडतो.
बायस सरकतो, बोटभर, मग आणखी.
पडद्याच्या तळातून ते दोघे
हळूहळू डोकं वर काढतात,
आपापल्या जागी.

मी बटणावर बोट ठेवते.
लगेच फिरवत नाही.