त्या दिवशीचा ताप

बाबांच्या दफनाला बाबाच आले होते.
तोच कपाळावरचा भोवरा,
तोच किंचित उतरलेला डावा खांदा.
फक्त डोळ्यांतलं पांढरं अजून पांढरं होतं
आणि कोटाला वेलदोड्याचा वास.

वेइक्कोकाका. वेस्तेरोसचा बेकरीवाला.
साठ वर्षांत गंजलेली फिनिश भाषा
एकेक शब्द झटकून मांडत होता, चुलीजवळच्या बाकावर.

"युद्धात मुलांना गाडीत बसवून स्वीडनला धाडायचे.
आमच्या गळ्यात पुठ्ठ्याचे बिल्ले.
माझा चारशे बारा, त्याचा चारशे तेरा.
सकाळी तौनोचं अंग तापलं.
आईनं त्याचा बिल्ला काढून ठेवला.
एवढंच झालं."

शेजारीण पाव मोडत पुटपुटली,
रक्तातच होतं त्यांच्या, आजाही असाच गेला.
खाण तशी माती.
पण बाई, खाण तर एकच होती.

काकानं कॉफीत साखरेचा चौथा खडा टाकला.
"मी प्यायलोय. एकदाच, एकोणिसाव्या वर्षी.
इतरांना चढते.
मला सुटलेलं घर सापडलं.
म्हणून घाबरलो."
त्याचा अंगठा थरथरत होता,
बाबांचा थरथरायचा तसाच,
एकही बाटली न रिचवता.

"मला वाढवणारी गुनवोर
त्या रात्री स्वयंपाकघरात बसून राहिली.
रागावली नाही.
पहाटे तीनला कणकेची परात पुढे सरकवली.
मळत राहिलो. अजून मळतोच आहे."

बाबा एकोणिसाव्या वर्षी
ओंडके तोडणाऱ्यांच्या छावणीत होते, कुहमोच्या पलीकडे.
हिवाळाभर सूर्य कामचुकार, पगार शनिवारी,
आणि बाटलीवाचून कुणी नावानं हाक मारत नसे.
त्यांच्यासाठी कोण जागणार होतं?
आजी जागायची, रोज,
पण गाडीतून गेलेल्यासाठी.

माझा पहिला घोट मला कसा लागला
ते मी काकाला सांगितलं नाही.
त्यानंही विचारलं नाही,
नुसता माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

रात्री अक्सेली उशिरा आला. पंधरा वर्षांचा.
बूट काढताना भिंतीला टेकला,
जरा जास्तच वेळ.
कपाळावर भोवरा.
मी दिवा मालवला नाही.
घरात कणीक नव्हती, बटाटे होते.
एक सुरी त्याच्याकडे सरकवली.