पुढचं पुढे पाहू

मार्चातला सोमवार, दुपारचे दोन अठ्ठावन्न.
व्यवहारांची खिडकी तीनला बंद होणार,
त्याच्या दोन मिनिटं आधी
रेयाल गोदबू विकला गेला.
तो तेव्हा माझ्याच खोलीत होता,
स्टुलावर बसून चाकूने सफरचंद सोलत.

मी स्केट्सना धार लावतो. सास्काटूनच्या या तळघरात
एकवीस वर्षं.
कुणाच्या पात्याला किती खोल खाच लागते
हे मला त्यांच्या बायकांच्या नावांआधी कळतं.
रेयालला उथळ. जड माणूस,
सावकाश वळायचा,
पण वळला की भिंत वळल्यासारखा.

चौदा महिने त्याचे स्केट्स सात नंबरच्या खुंटीवर.
दर सोमवारी मी धार लावत राहिलो.
कुणी सांगितलं नव्हतं.

करार अजून चार वर्षांचा,
वर्षाला साठ लाख डॉलर.
उजव्या खुब्यात धातू.
डॉक्टर म्हणतात, चालेल, जिने चढेल,
पोरीला खांद्यावरसुद्धा घेईल,
बर्फावर मात्र नाही.
निवृत्त झाला तर पैसे बुडाले,
म्हणून तो जखमी आहे.
सकाळी उठल्यावर थोडा,
कागदावर पुरता.

टूसॉनला बचावपटू नको होता.
टूसॉनला आकडा हवा होता.
तिथे पगारांची बेरीज नियमाच्या तळाखाली गेलेली,
तळ गाठायला काहीतरी जड लागतं ना,
आणि ऐंशी टक्के भरणार विमा कंपनी.
म्हणजे वहीत साठ, खिशातून बारा.
खेळत असता तर
कुणी फुकटही घेतला नसता.

शिवाय हुंडा दिला आम्ही:
परवाच्या वर्षीच्या निवडीतला दुसऱ्या फेरीचा एक पोरगा.
कोण, ते अजून कुणालाच माहीत नाही.
सोळा वर्षांचा असेल,
कुठल्या तरी गावात गणिताच्या तासाला पेंगत असेल.
त्यालाही टाकला तराजूत.

आणि बदल्यात?
वकिलांनी तिथे दोन भारदस्त शब्द लिहिले आहेत.
मी ते तीनदा वाचले.
अर्थ एवढाच, की पुढचं पुढे पाहू.

हॅना क्विस्ट वरून खाली आली, बगलेत लॅपटॉप.
हिशेब तिचाच. हुशार मुलगी, डोळे लाल.
म्हणाली, तुम्हाला कुठे जायचं नाही,
फक्त करार जातोय.
रेयालने सालाची लांब फीत न तुटू देता खाली सोडली.
'तिकडे ऊन असतं ना?'
'असतं.'
'मग मला का नाही नेत?'
हसावं की नाही, तिला कळेना.
मी मशीन पुसत राहिलो.

तो खुबा कशाने गेला, मला ठाऊक आहे.
दुसरा जादा डाव, सहा मिनिटं उरलेली,
गोलरक्षक पालथा पडलेला,
आणि हा आडवा झाला.
तो चेंडू नव्हे, ती काळी रबरी चकती
माझ्या खणात आहे. एकशे सत्तर ग्रॅम.
त्या रात्री अख्खं गाव बाहेर उणे वीसमध्ये
कोटाची बटणं उघडी टाकून फिरत होतं.
करार त्यानंतरच्या आठवड्यात झाला,
आठ वर्षांचा.
पेन पुढे करणाऱ्यालाही दिसत होतं
तो कसा लंगडतो ते.

'स्केट्स?' त्याने विचारलं.
हॅनाने यादी वर-खाली केली.
स्केट्स यादीत नव्हते.
'मग शेवटची एकदा लाव रे, विल्फ.'

सकाळीच लावली होती. तरी लावली.
ठिणग्या नेहमीच्याच बाजूला पडल्या.
त्याने पातं अंगठ्याच्या नखावर ओढलं,
पांढरा कीस निघाला,
मान हलवली.

'किती झाले?'
त्याचा हात खिशात.
मुख्य रस्त्यावरच्या दुकानात आठ डॉलर घेतात.
'आठ,' मी म्हणालो.
त्याने दहाची नोट दिली.
मी दोन परत केले.
त्याने ते मोजून घेतले.