बिगी

आधी काळी वायर. निगेटिव्ह. दहाचा पाना.
ती सुटली की मग कशालाही हात लावा,
मिस्त्री फोनवर म्हणाला,
आणि ठेवता ठेवता, गिऱ्हाइकांच्या गलक्यात,
पण वहिनी, तुम्हाला जमायचं नाही ते.

तीन दिवस डॅशबोर्डवर लाल बॅटरी पेटलेली.
काल येळ्ळूर रोडला दिवे पिवळे झाले,
मग तपकिरी,
मग नुसतं चांदणं होतं आणि मी होते.
मागच्या सीटवर खानापूरच्या शाळेचे नव्वद गणवेश,
मंगळवारी पोचवायचेत. काजं अजून करायचीत.
नवरा वास्कोला, बोटीवर.

आल्टरनेटर कोल्हापुरातून आला
तांदळाच्या पिशवीत, ओळखीच्या कंडक्टरबरोबर.
भंगारातलाच, पण बेअरिंग नवं,
अंगावर पिवळ्या खडूनं लिहिलेलं: ओके.
कोगनोळीच्या नाक्यावर
त्याला कुणी विचारलं नाही, बाबा तू कुणाचा.

मी कराडची. वडगावात सात वर्षं झाली.
ऊटा आत? एवढं विचारता येतं मला,
उत्तर आलं की हसते.

पांढरा प्लग काढला, त्याची क्लिप तुटली.
जाड वायरीचा नट काढला, रबरी टोपीसकट.
काय कुठे होतं ते बिलाच्या पाठीवर काढून ठेवलं.
वरचा बोल्ट फिरला, पट्टा उतरला.
खालचा लांब बोल्ट
जागचा हलेना.
शिलाई मशीनचं तेल सोडलं त्याच्यावर
आणि एक चहा होईपर्यंत थांबले.

शेजारी लाइट गेली होती म्हणून
तोटप्पामामा आला, चार मागांचा मालक,
आयुष्यात स्टिअरिंगला हात न लावलेला.
पट्ट्याकडे बघितलं फक्त.
पट्टा म्हणजे पट्टा.
सडील माडव्वा, म्हणाला.
सडील. सैल. एवढं कळलं.
पान्यावर दोघांनी वजन टाकलं
आणि सुपारी फुटावी तसा बोल्ट फुटला जागेवरून.

जुना मांडीवर घेतला. पायलीभर जोंधळ्याएवढा,
आत जळक्या तांब्याचा वास.
दोन्ही शेजारी ठेवून बघितले, कप्पी सारखीच आहे ना.
नवा बसवला. मामानं मागाचा सागवानी दांडा आणला,
मध्ये घालून रेटून धरला, म्हणाला,
बिगी.
मी घाई केली.
बिगी माडव्वा, बिगी!
मी आणखी घाई केली,
पाना सटकला, बोटाचं साल गेलं,
अहो करतेय की मामा, किती घाई!

त्याला काही कळेना.
मग खिडकीतून त्याची सून, पीठभरल्या हातांनी:
अक्का, बिगी म्हणजे घट्ट हो.

सात वर्षं.
लोणच्याची बरणी देताना मामी म्हणायची, बिगी,
आणि मी पळत सुटायचे घराकडे,
झाकण अर्धवट, तेल पदराला.
नळाची तोटी. गॅसची टाकी. झोळीची गाठ, धाकटीच्या वेळी.
दरवेळी मी पळाले.
त्यांना वाटत असेल,
कराडच्या बायका अशाच असतात.

मग सावकाश आवळला. पाव फेरा, अजून पाव.
मामानं अंगठ्यानं पट्टा दाबून बघितला,
ताण्याचा दोर बघतात तसा,
अर्धा इंच लवला.
साक, म्हणाला. साक साक.

काळी वायर शेवटी.
चावी फिरवली. लाल दिवा लागला,
विचार केल्यासारखा थांबला, गेला.
मीटर धरला बॅटरीवर.
चौदा पॉइंट दोन, मी म्हटलं.
हदिनाल्क, मामा म्हणाला,
आणि आम्ही दोघांनी एकमेकांना दुजोरा दिला.

फरशीवर एक वॉशर उरलाय.
कुठला, ते दोघांनाही सांगता येत नाही.
बॉबिनच्या डबीत टाकलाय तो.
झाकण बिगी लावलंय.