खालची ओळ

तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
बेदाण्याची पेटी आत जाते तेव्हा
मी तिची नोंद करतो:
लॉट नंबर, शेतकरी, हिरवा की पिवळा, पंधरा किलो.
एंटर मारतो. आणि थांबतो.
पडद्याच्या अगदी तळाला, म्हणे, एक करडी पट्टी आहे.
झालं की नाही झालं, ते तिथं उमटतं.
माझा स्क्रीन रीडर सगळं वाचतो, तेवढी पट्टी सोडून.
खोदून विचारलं तर त्याच त्या सुरात:
"स्टेटस लाइन सापडली नाही."

म्हणून सहा वर्षं मी शेजारच्या खुर्चीला विचारत आलो,
"शमशाद, खाली काय लिहिलंय?"
आणि शमशाद मुजावर, तोंडात घास असला तरी,
"सेव्ह झालं. अठ्ठावीस नोंदी. चेंबर दोन, चार अंश."
दिवसातून साठ-सत्तर वेळा. सीझनला दुप्पट.
ती बाळंतपणाला मिरजेला गेली
तेव्हा मी प्रत्येक पेटी दोनदा शोधून काढायचो,
आहे ना, आहे ना.

तिथंच डोक्यात बसलं.
रात्री जेवण उरकून पायथन घेऊन बसायचो,
लाइट गेली तरी माझं काही अडत नव्हतं, बॅटरी असेतो.
ओळ किती आत सरकली यावर तिथं सगळा अर्थ.
रीडर मोजून सांगायचा, चार स्पेस, आठ स्पेस;
मला आमच्या बागेचं अंतर आठवायचं, नऊ बाय पाच,
एक वेल चुकला की पुढची अख्खी ओळ तिरकी.
खिडकीचं मूल, मुलाचं भावंड,
भावंडांतलं शेवटचं, असं चाचपत गेलो,
तर तिथं "नाव नाही. प्रकार अज्ञात."
ज्यानं हे सॉफ्टवेअर लिहिलं
त्यानं पट्टी नुसती रंगवली होती,
भिंतीवर दार रंगवावं तशी.

मग दाराचा नाद सोडला आणि रंगच खरवडला:
तळाचे बावीस पिक्सेल, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
जे अक्षर दिसेल ते उचल आणि बोल.
बोलला!
आणि थांबेचना.
पट्टीत घड्याळही होतं, कुणी सांगितलंच नव्हतं.
अकरा वाजून चार मिनिटं बारा सेकंद,
तेरा सेकंद,
चौदा सेकंद,
बायको आतून ओरडली, कोण आलंय एवढ्या रात्री?
घड्याळ गाळायला दोन ओळी लागल्या.

सकाळी ऑफिसात पेन ड्राइव्ह लावला.
एक हेडफोन उजव्या कानात, डावा कान मोकळा.
पहिली पेटी. एंटर.
"सेव्ह झालं. एक नोंद. चेंबर दोन, चार अंश.
वापरकर्ता: मगदूम धन्यकुमार, तात्पुरता."

मी परत कळ दाबली.
तात्पुरता.
मराठी आवाज त्या शब्दावर जरा अडखळतो,
"तात्" म्हणून दम घेतो, मग "पुरता".
तिसऱ्यांदाही तेच.

कॉम्प्रेसर सुरू झाला, खिडकीची काच थरथरली.
आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं,
"शमशाद, खाली काय लिहिलंय?"
"सेव्ह झालं. एक नोंद. चेंबर दोन, चार अंश."
आणि मग ती थांबली.
आजच थांबली असं नाही. रोजच थांबत असणार,
अर्धा श्वास, जेवढ्यात एक शब्द मावतो.
मला ते पूर्णविराम वाटायचं.

हा शब्द गाळायला मला एकच ओळ पुरली असती.
तिनं सहा वर्षं एकही ओळ न लिहिता गाळला.
मी नाही गाळला. तिलाही काही बोललो नाही;
हेडफोन मात्र काढला नाही.
दुपारी मॅनेजरची केबिन उघडी असते, साडेतीनपर्यंत.
तोवर सावळजचा लॉट उतरत होता,
काळा, एकशे दहा पेट्या.
"घे रे, नंबर सांगते," शमशाद म्हणाली.