घटक

एसटी स्टँडसमोर माझं डीटीपीचं दुकान.
आधी लग्नपत्रिका, बाराव्याचे कागद,
डबलबारीचे फ्लेक्स.
आता तीन वर्षं
जास्त करून लेबलं.
तळलेले गरे, कुळथाची पिठी, आगळ,
आंबोळीचं पीठ अर्धा किलो.

सगळ्यांना तीच ओळ हवी : आईच्या हातची चव.
आणि तीच बाई.
नऊवारी, नथ, हातात परडी,
माझ्या एका फोल्डरमधून निघून
अकरा पाकिटांवर एकसारखी हसते.
तिचं नाव मला माहीत नाही.
बहुतेक घाटावरची असावी.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात आली
वैजयंती तांडेल, तळाशीलची.
पिशवीत जवळ्याच्या चटणीची बरणी,
दुकानभर वास.
स्क्रीनकडे बघून म्हणाली,
"ह्या बायेक हयसून काढ.
माजी आवस अशी कधी हसाक नाय."

मग चौकटीत काय घालू?
"काय नको. मोकळी ऱ्हवांदे."

घटक लिहायला घेतले.
जवळा, सुकं खोबरं, लसूण, मिरची,
कोकम, मीठ.
मीठ किती?
तिने मूठ दाखवली.
म्हटलं, फॉर्मात मूठ चालत नाही.
शेजारच्या सोनाराचा जुना काटा मागून आणला,
तिने मूठ भरून तीनदा सोडली.
अठरा ग्रॅम.
बावीस.
एकोणीस.
कुणीतरी खोटं पकडावं तशी
ती आकड्याकडे बघत राहिली.
"आवशीची मूठ मोठी होती.
डोक्यार पाटी घेवन मालवणाक चलत जाय."
थोड्या वेळाने : "लिव वीस."

काटा ती घेऊन गेली, दोन दिवसांच्या बोलीवर.

पाचशे लेबलं छापली.
प्रूफ मीच वाचलं, घाईत,
आणि जवळा होता तिथे झालं
जवळचा.
घटक : जवळचा, सुकं खोबरं, लसूण...

पैसे नकोत म्हटलं, परत छापून देतो म्हटलं.
ती ओठ हलवत वाचत होती,
दोनदा, तीनदा,
मग हसली,
एक दात पडलेला तो दिसेपर्यंत.
"नवी छाप. पण ही टाकू नको.
वाडीत फुकट वाटूच्या बरण्यांका लावीन."

पावसात हवा दमट, गोंद धरेना.
पुण्याहून दोन खोकी परत आली,
बिननावाच्या बरण्या, आतली चटणी चांगली.
गणपतीला तिने कामाला
जुलेखा आणि सरिता अशा दोघी घेतल्या.
तिघींच्या तीन मुठी.
दर महिन्याला आता हजार लेबलं नेते,
चौकट अजून मोकळी.

सोनार भेटला की विचारतो,
काटा कधी येणार?