विषय क्रमांक चार

मी सचिव. म्हणजे ज्याचं अक्षर बरं, तो.
रेणुका ले-आउट नागरिक समिती, मानेवाडा,
मे महिन्याची सभा, समाजभवन, रात्री आठ.
उपस्थिती सतरा, कूलर एक.

विषय एक, मागचं इतिवृत्त: वाचलं असं समजून कायम.
विषय दोन, डुकरं. विषय तीन, टँकर.
चार: चौकातलं होर्डिंग.

हेडाऊ साहेब उठले. वीज मंडळात बत्तीस वर्षं मीटर वाचले,
आता दिसेल ते मोजतात.
चाळीस बाय वीस आहे, म्हणाले, परवानगी निम्म्याची,
बोल्ट बारा, गंजलेले सात,
वादळात आलं खाली तर कोणाकडे पाहायचं?
मागून कोणीतरी: कूलर बंद करा हो, ऐकूच नाही येऊन राहिलं.

बंद केला.
बारापात्रे म्हणाला, पाडाच. फक्त आमच्या पोराच्या वाढदिवसाचं
आठच दिवस होतं, ते यात धरू नका.
(भावी नगरसेवक. खाली एकोणतीस शुभेच्छुक,
त्यातले चार सभेत, गॉगल काढून.)
प्रेसवाला गेंदलाल सभासद नाही, दारातूनच बोलला:
त्याच्या सावलीत माझा ठेला आहे साहेब.
तिथला कडुनिंब कापला
तेव्हा कोणी सभा घेतली नव्हती.

लावा बाप्पा कूलर, जीव चालला.
लावला.
पुढची दहा मिनिटं सगळेच बोलत होते.
मी लिहिलं: सविस्तर चर्चा झाली.

मग निनावे बाई.
त्यांचं घर बरोबर समोर, होर्डिंगचे दिवे थेट खिडकीत,
वर्षभर त्यांच्याकडे रात्र झालेली नाही.
आम्ही त्यांची सही आधीच धरून चाललो होतो.

नका काढू, म्हणाल्या.
ह्यांना झटका आल्यापासून शब्द नव्हता, चौदा महिने.
समोर ते फ्लॅटचं लागलं
अन् एका सकाळी हे म्हणाले, दोन.
मग आठ दिवसांनी, बीएचके.
मग पाटीवर गिरवल्यासारखं: ताबा त्वरित.
आता पाणी पाहिजे तरी ताबा त्वरित,
कूस बदलायची तरी ताबा त्वरित.
मी येते.

कूलर चालू होता.
तरी सगळ्यांना ऐकू आलं.

हेडाऊंनी टेप गुंडाळला.
ठराव: महानगरपालिकेस पत्र द्यावे.
कोणत्या आशयाचे, ते पुढील सभेत ठरवावे.
सूचक, अनुमोदक: दोन्ही जागा कोऱ्या.

पुढच्या सभेआधीच ते बदललं.
आता तिथे सराफाचा हार आहे आणि एका बाईची मान,
चाळीस बाय वीस, नुसती मान.
शब्द एकही नाही. दुकानाचं चिन्ह कोपऱ्यात, तेवढ्यावरून
लोकांनी ओळखावं असं दुकान.

निनावे बाई माझ्या दारात, चप्पल न काढता:
पत्र गेलं का भाऊ?
गेलं नसलं तर त्यात एवढं टाका,
अक्षरं असू द्या म्हणा. मोठी.

कोणत्या नियमात बसवू हे?
हेडाऊंना विचारलं. ते लगेच म्हणाले,
अक्षर फूटभर तरी पाहिजे,
त्या खिडकीपासून एकसष्ट पावलं आहे.
कधी मोजलं, ते सांगितलं नाही.

जूनच्या सभेला सात आले.
समाजभवनाच्या बाहेरचा फळा निनाव्यांच्या खिडकीतून दिसतो,
होर्डिंगहून जवळ, हे मला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं.
खडू आडवा धरला. रोजच्यापेक्षा चौपट लिहिलं:

आजची सभा
कोरम अभावी
तहकूब

हात झटकत होतो, तोवर वरून आवाज.
सभा.
मग बराच वेळ काही नाही. मग, को. कोर.
तिसऱ्या ओळीवर ते अडले.
तह, म्हणाले. तह.

आत बाईंना वाटलं, आपल्यालाच बोलावलं.
आल्या.