डावा इंडिकेटर

मागून ठोकलं म्हणजे चूक मागच्याची,
हे ठरवायला कोर्ट लागत नाही,
धरणगाव फाट्यावरचा रसवंतीवाला पुरतो.
तो सांगतच होता, ग्लास विसळता विसळता,
जमलेल्या पंधरा-वीस जणांना.
धडक झाली तेव्हा त्याची पाठ होती रस्त्याकडे.

केळीचा टेम्पो. घड डांबरावर पडलेले,
हिरवेगार, एकही पिकलेला नाही.
माझ्या गाडीचा उजवा मागचा दरवाजा
पातेल्याला पोचा पडावा तसा आत.
झिपरू भदाणे खाली उतरला,
रेडिएटरचं पाणी त्याच्या चपलेखालून वाहत होतं
आणि त्यानं आपली बाटली मला दिली.
"लागनं नही ना तुले?"
मग सगळ्यांदेखत, हात जोडून :
"चूक मनी शे, ताई."

मी पाणी प्यायले.
मग गाडीत वाकून, पर्स शोधल्यासारखं करत
डावा इंडिकेटर बंद केला.

वळत होते मी उजवीकडे.

*

'अपघात कसा घडला ते थोडक्यात लिहा.'
खाली तीन रेघा.
एजंट नेहते फोनवर : "थोडक्यात म्हणजे थोडक्यातच, मॅडम.
आणि तिथं सॉरी-बिरी काही बोलला नाहीत ना?"
नाही. मी कुठं बोलले होते.

लिहिलं : 'मागून येणाऱ्या वाहनाने जोरदार धडक दिली.'
वाक्य शुद्ध आहे. प्रयोग कर्मणी.
अमळनेरात आठवीला मीच शिकवते :
कर्मणीत क्रियापद कर्त्याला विचारत नाही,
ते कर्माच्या मागं जातं.
त्या रात्री पंखा फुल्ल ठेवूनही
गादी तव्यासारखी तापलेली.
मे महिन्यात इकडं तशी ती तापतेच,
त्यात विशेष असं काही नव्हतं.

*

सर्व्हेअर फेगडे भुसावळहून आले भर बाराला,
डोक्यावर ओला रुमाल, हातात टेप.
दरवाजा मोजला, बंपर ठोकून पाहिला,
पोचा जसा खोलात गेला तसे तेही वाकले.
"प्लास्टिकला पन्नास टक्के घसारा. रबरालाही तेवढाच.
पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे.
काचेला नाही."
काचेला का नाही?
"काच कुठं जुनी होते, मॅडम.
असते, नाहीतर फुटते."

मग मान खाली घालून, लिहिता लिहिता :
"तुमचं काम होईल.
चूक तुमची असती, तरी झालं असतं.
तुमची पॉलिसी पूर्ण आहे.
त्या भदाणेची नुसती थर्ड पार्टी.
त्याचा रेडिएटर, त्याची केळी,
सगळं त्याच्याच खिशातून.
म्हणजे, चूक त्याची असेल तर."

एवढं स्वस्त होतं खरं.
मला एक पैचाही खर्च नव्हता,
आणि तरी मी ते वाचवलं होतं.

फेगडे पुढं काही बोलले नाहीत.
टिनाच्या शेडवर एक कावळा चालत होता,
चटके बसत असावेत, पाय उचलून उचलून.

मुश्ताक मिस्तरी मागं उभा राहून ओरडला,
"मॅडम, लाइटी बघून घेऊ.
ब्रेक दाबा. हां. रिव्हर्स टाका. हां.
उजवा द्या." उजवा मेला होता, चुराच झालेला.
"डावा?"

टिक टिक टिक टिक.

"हा चालू आहे," मुश्ताक म्हणाला.
काचेतून मला फेगडे दिसत होते,
त्यांनी पेनाचं टोपण अजून लावलं नव्हतं.
"हो," मी म्हणाले,
मग खिडकी पूर्ण खाली करून, पुन्हा,
वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा तसा आवाज काढून :
"हा त्या दिवशीही चालू होता."